झिजणाऱ्या शस्त्राचा हिशेब

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला बस्तरमधील चकमक वृत्तपत्रातून कळते. जवानाचा जीव मात्र तेथे हातातल्या शस्त्रावर अवलंबून असतो. १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीने इन्सास रायफलींची प्लास्टिकची मॅगझिने तडकली होती. तो धडा विसरता कामा नये.

आज विशेष दलांच्या रायफलींवर सायलेन्सर दिसतात. हे नाव काहीसे फसवे आहे. आवाज नाहीसा होत नाही, केवळ कमी होतो. प्रत्येक गोळीमागे तप्त वायू आणि दारूचे कण सायलेन्सरच्या आतील पडद्यांवर आदळतात. नळीच्या तोंडाजवळचा पहिला पडदा सर्वाधिक झिजतो. आखूड नळी आणि सलग गोळीबार यांमुळे ही झीज वाढते, पण बाहेरून ती दिसत नाही. जोडणी किंचित कलली, तर गोळी पडद्यालाच घासते.

म्हणून खरेदी करताना किंमत आणि वजन यांच्याबरोबरच, किती गोळ्यांनंतर तपासणी करायची आणि केव्हा सायलेन्सर बदलायचा, हेही करारात स्पष्ट असावे. प्रत्येक सायलेन्सरची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. हुतात्म्यांना मानवंदना देणाऱ्या शासनाने झिजलेला पडदा वेळीच बदलावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.