उच्चाराचें सोवळें

कुणब्याचा पोर इंग्रजी बोलूं लागला कीं सभ्य मंडळींस हंसूं फुटतें. कां? तर त्याचे दोन 'व' सारखेच ऐकूं येतात! इंग्रजींत दांत ओठाला टेकवून एक 'व' निघतो व ओठांचा चंबू करून दुसरा. मराठींत आपलें एकाच 'व'वर भागतें. तेवढ्यासाठीं पोर मुलाखतींतून बाहेर.

कॅनडांत जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांनीं इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदी 'त' व 'ट' ऐकविले. आवाज बदलतांच मुलानें मान वळविली तर खेळणें उजळे. १९८४ सालीं हा शोध छापला गेला. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक मुलांना भेद कळला. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांना. बाजारांतली आमची गवळण ताक आणि टाक यांत कधीं चुकत नाहीं, आणि साहेबाच्या बाळाला वर्षाचें होण्याआधींच हा भेद ऐकूं येईनासा होतो! म्हणून साहेबाला कोणी अडाणी म्हटलें काय?

बरें, कान कायमचा मिटतो असेंही नाहीं. जपानी लोकांस इंग्रजी 'र' व 'ल' ओळखणें जड जातें. अमेरिकेंत लोगन, लाइव्हली व पिसोनी यांनीं अशा कांहीं जणांस तीन आठवडे निरनिराळ्या माणसांच्या आवाजांत शब्द ऐकविले, चूक कीं बरोबर तें तेथल्या तेथें सांगितलें, व त्यांची ओळख सुधारली (१९९१). पुढें एकाच माणसाच्या आवाजावर शिकवून पाहिलें, तर नवा आवाज येतांच तें शिक्षण लटकें पडलें (१९९३). आमच्या खेड्यांतल्या पोराच्या कानीं इंग्रजीचे आवाज पडतात किती? बहुधा एकट्या मास्तरांचा! शहरांतल्या पोराला घरीं, शेजारीं, चारचौघांत दहा आवाज फुकट मिळतात, आणि त्यालाच हुषारी म्हणावयाचें.

ढब निराळी म्हणजे बोलणें कळत नाहीं, हेंही खोटें. कॅनडांतच मन्रो व डर्विंग यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, ज्या बोलण्याची ढब फार परकी वाटली तेंही ऐकणारांनीं पुष्कळदां बिनचूक लिहून काढलें. उलट शिकागोंत २०१० सालीं लेव्ह-आरी व कायसर यांना आढळलें कीं, तीच माहिती परक्या ढबींत ऐकली म्हणजे लोकांना ती कमी खरी वाटते. बोलणारा दुसऱ्याचें लिहिलेलें वाचीत आहे, हें ठाऊक असूनही!

तेव्हां मुलाखत घेणाऱ्या महाशयांनो, उमेदवाराच्या जिभेस गुण देऊं नका. तो बोलला तें तुम्हांस कळलें कीं नाहीं, एवढेंच कागदावर लिहा.