न सांगता बाहेर गेली म्हणून

मा. लक्ष्मीताई हेब्बाळकर,
महिला व बालविकास मंत्री, कर्नाटक राज्य

ताई,

बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातून हे पत्र लिहिते आहे. माझा जन्म उदगीरकडच्या एका खेड्यातला. लग्न होऊन इकडे आले आणि मराठी शाळेत शिकवण्यात उमर गेली. माझ्या आजीच्या वेळी उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं, तिचं माहेर आणि सासर एकाच कलेक्टरच्या हाताखाली. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन राज्यांमधली रेघ पडली. माहेर एका राज्यात गेलं, सासर दुसऱ्या. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. आजही औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि खाली कलबुर्गीतल्या आळंदपर्यंत घराघरांत देवणी, निलंगा, देगलूर, उमरगा, अक्कलकोटच्या मुली नांदत आहेत. आमच्या मुली तिकडे नांदत आहेत. हे पत्र सीमावादाचं नाही. ती रेघ कुठे पडायला हवी होती, यावर बोलायला पुष्कळ माणसं आहेत. मला त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मार खाणाऱ्या बायकांविषयी बोलायचं आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या बेळगाव ग्रामीण मतदारसंघातल्या कितीतरी बायकांची भाषा हीच आहे आणि ती तुम्हाला परकी नाही.

११ जून २०२३ ला तुमच्या सरकारने बायकांना बसप्रवास फुकट करणारी शक्ती योजना सुरू केली. त्या आठवड्यात औरादच्या स्टँडवर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. साठीच्या बायका पहिल्यांदा एकट्या बसमध्ये चढल्या. कुणाकडे पैसे मागावे लागले नाहीत. कुणी हुमनाबादला लेकीकडे गेली, कुणी बसवकल्याणला देवाला. ऑगस्टअखेर गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार रुपये सुरू झाले. या दोन योजनांनी आमच्या बायकांच्या हाताला काय दिलं, हे शहरातल्या टीकाकारांना कळणार नाही. मला कळतं.

म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य आहे, असं या पाहणीत बाईला आणि पुरुषालाही विचारतात. कारणं सात. घर किंवा मुलं यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर. उलट बोलली तर. शरीरसंबंधाला नाही म्हणाली तर. स्वयंपाक नीट केला नाही तर. दुसऱ्या कुणाशी संबंध आहे असा संशय आला तर. सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही तर. आणि, नवऱ्याला न सांगता बाहेर गेली तर.

शक्तीच्या बसचा दरवाजा या सातव्या कारणावर उघडतो, ताई. तिकीट फुकट झालं. न सांगता जाणं फुकट झालं नाही.

पाचव्या पाहणीत कर्नाटकातल्या ७६.९ टक्के बायकांनी या सातांपैकी एखाद्या तरी कारणासाठी मार योग्य आहे असं सांगितलं. आपल्याहून जास्त आकडा असलेल्यांत तेलंगणा आणि आंध्र, म्हणजे आमच्या पलीकडच्या कुंपणाचीच राज्यं. महाराष्ट्रात हेच प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होतं, हिमाचलात १५ सुद्धा नव्हतं. त्याच पाहणीत कर्नाटकातल्या ४४.४ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती कधी ना कधी सोसल्याचं सांगितलं. देशात सर्वांत जास्त. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा २०.६ होता. लोक याचं खापर लॉकडाऊनवर फोडतात. ते चूक आहे. कर्नाटकातलं पाहणीचं काम २०१९ मध्येच झालं होतं, कोरोना यायच्या आधी. चार वर्षांत मार दुप्पट झाला की बायका दुप्पट बोलल्या, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. बोलणं वाढलं असावं असं मला वाटतं, पण तो माझा कयास.

हे आकडे आले की आमच्याकडे एकच गोष्ट होते. अंगणवाडीत बायकांची सभा. फलक, पाहुण्या, कायद्याची माहिती, चहा. "मार सहन करू नका" असं बायकांना सांगितलं जातं. जणू आजवर त्या हौसेने सहन करत होत्या आणि कुणी सांगितलं नव्हतं म्हणूनच करत होत्या. त्याच वेळी पुरुष पारावर बसलेले असतात. कर्नाटकातल्या ८१.९ टक्के पुरुषांनी बायकोला मारणं योग्य मानलं, बायकांपेक्षा पाच टक्के जास्त. त्यांची सभा माझ्या उभ्या आयुष्यात एकदाही झालेली मी पाहिली नाही.

आमच्या बायका "योग्य आहे" असं का म्हणतात, यावर मी खूप विचार केला आहे. तुरीच्या खुडणीला, बोअरवर, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर त्यांचं बोलणं ऐकत आले. "चुकलं की हाणतोच की. पण उगाच नाही हाणत." हे "उगाच नाही" मी किती तोंडांतून ऐकलं असेल! त्यात नवऱ्याचं कौतुक नसतं. त्यात हिशेब असतो. मार कारणाने येतो असं मानलं, तर कारण टाळून मार टाळता येतो. वरणात मीठ बरोबर टाकलं, सासूला उलटून बोलले नाही, विचारून गेले, तर आजची रात्र नीट जाईल. मार बिनकारण येतो हे मान्य केलं तर त्या बाईच्या हातात काहीच उरत नाही. आणि जिने आपल्या आईला असाच मार खाताना पाहिलं, तिला हा हिशेब लहानपणीच पाठ झालेला असतो. अशा मुलींच्या वाट्याला पुढे मार जास्त येतो, हेही पाहण्यांतून दिसलेलं आहे.

तेव्हा बायकांचं मत बदललं की मार थांबेल, हे मला पटत नाही. केरळ पाहा. तिथल्या ५२.४ टक्के बायकांनी मार योग्य म्हटलं, म्हणजे महाराष्ट्रातल्यापेक्षा जास्त. पण नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या तिथे १० टक्क्यांच्या आत. महाराष्ट्रात २५. मत आणि मार यांची जोडी तिथे तुटलेली दिसते. याचं उत्तर शोधताना मला प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या बायकांवरचा. ज्यांच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही अशांपैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. नुसती जमीन असलेल्यांत १८, नुसतं घर असलेल्यांत १० आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. ज्या बाईला जायला जागा आहे, तिच्यावर हात उचलताना नवरा थांबतो. इतकी साधी गोष्ट.

आणि बाईच्या नावावरच्या जमिनीची ही गोष्ट आमच्या मातीला नवी नाही. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा इथेच लिहिली, आणि देशातल्या बहुतेक हिंदू घरांच्या वाटण्या पुढे आठ-नऊशे वर्षं तिच्या आधाराने झाल्या. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाचा अर्थ मोठा धरला होता, हे श्रेय त्याला द्यायला हवं. पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलाला, मुलीला नाही. त्याच कल्याणात पुढे बसवण्णांचं अनुभव मंटप उभं राहिलं, आणि नवऱ्याचं घर सोडून निघालेली अक्कमहादेवी तिथे मानाने बसली. एकाच गावात बाईची वाट बंदही झाली आणि उघडलीही. कर्नाटकाने १९९४ मध्ये, केंद्राच्या ११ वर्षं आधी, मुलीला जन्माने वाटा दिला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. कायद्यात आमच्या लेकी भावांच्या बरोबरीला आल्या.

घरात काय होतं ते सांगते. वडील गेले की भाऊ बहिणींना तहसीलला घेऊन जातो. जाताना नवी साडी, येताना हॉटेलात जेवण. मध्ये हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही. बहीण सही करते, कारण सही नाही केली तर माहेर तुटतं. दिवाळीचं बोलावणं बंद होतं, पोराला मामा राहत नाही. माहेर शाबूत राहावं म्हणून ती जमीन सोडते. आणि एके रात्री पाठीवर वळ घेऊन ती त्याच उंबऱ्यावर येते तेव्हा भाऊ म्हणतो, "दोन दिवस राहा, मग पोचवून येतो. नांदायला जावंच लागतं." मी हे एकदा नाही, कित्येकदा पाहिलं. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी कधी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. ज्या १४ टक्क्यांनी मागितली, त्यांतल्या बहुतेकींनी माहेरच गाठलं. त्या माहेराने काय केलं, ते पाहणीत नाही.

आता आमच्या रेघेवरची गोष्ट. माझ्या शेजारची सून पलीकडची. एका पहाटे कानातलं ओढल्याने पाळ फाटलेली, ती माझ्या दारात आली. आधी तिला इथल्या पोलीस ठाण्यात नेलं. जबाब कानडीत लिहिला. तिला कानडी येत नव्हतं. जबाब तिला कुणी वाचून दाखवला नाही, सही मात्र घेतली. नंतर कळलं की त्यात "किरकोळ वादातून" असं होतं. मग ती आईकडे गेली. तिथल्या ठाण्याने सांगितलं, घटना कर्नाटकातली आहे, तिकडे जा. दोन ठाण्यांच्या मध्ये तिचे सहा महिने गेले आणि बैठकीत पंचांनी तिला परत नांदायला पाठवलं. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, दाद कुणाकडे मागायची, असं आमच्याकडे म्हणतात. तिला पावसाशिवाय दोन सरकारांनीही झोडपलं.

कायदा असं सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती राहते, तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो, आणि तिथला आदेश सगळ्या देशात चालतो. छळाची फिर्यादही आसरा घेतला त्या गावी देता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये दिला. ठाण्यातल्या माणसाला हे माहीत नसेल, तर ज्या बाईला माहीत असायला हवं असा आपण आग्रह धरतो, तिचा काय दोष?

मग तिच्या बाजूने उभं राहायचं कुणी? कायद्याने संरक्षण अधिकारी. आपल्या राज्यात तालुक्याला हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आहे. त्याच बाईंकडे अंगणवाड्या, पोषण आहार, भरती, तपासण्या. त्यांना दोष देणार नाही, त्यांचा दिवस मी पाहिला आहे. पण जिचा कान फाटलाय तिचा अर्ज भरून घ्यायला, कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहायला, सोबत न्यायालयात जायला पूर्णवेळ माणूस लागतं. पलीकडे महाराष्ट्रात पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित समाजसेविका बसवण्याची पद्धत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत ती सुरू केली, पुढे सरकारने स्वीकारली. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरच्या तालुक्यांत तुम्ही तसं एक-एक माणूस द्या, मराठी, उर्दू, लमाणी समजणारं. जबाब बाईच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा लेखी आदेश काढा. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तर पहिला आवाज तिला कळेल असा असू द्या. आणि लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूरच्या महिला व बालविकास खात्याशी एकदा बसून ठरवा की रेघ ओलांडून आलेल्या बाईला कुणी परत पाठवणार नाही. इकडे शक्ती आहे, पुढे महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बस कशीबशी जोडली गेली, मदतही जोडा.

एक मागणी अजून. कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसेचे प्रश्न राज्यापुरतेच विचारतात, जिल्ह्याचा आकडा निघतच नाही. बीदरमध्ये किती, कलबुर्गीत किती, हे आज कुणाला ठाऊक नाही. आमच्या कल्याण कर्नाटकासाठी राज्यघटनेचं कलम ३७१(जे) आणि वेगळं विकास मंडळ आहे, रस्त्यांचे हिशेब निघतात. हाही हिशेब काढा.

दौरा जाहीर न करता एकदा औरादला या, ताई. अंगणवाडीत बायकांबरोबर बसा आणि ते सात प्रश्न मराठीत विचारा. नंतर पारावर जाऊन तेच सात प्रश्न पुरुषांना विचारा. मग परत आत या आणि पाहणीत नसलेला आठवा प्रश्न विचारा: आज रात्री घर सोडावं लागलं, तर कुठे जाशील? त्यानंतर ज्या गप्प बसतील, त्यांची मोजणी तुमच्या खात्याच्या वहीत लिहून घ्या.

आपली,
औराद तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका