चिठ्ठी दिली, पुढे काय?

विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत २०१५ साली शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' आणला. आशाताईंनी घरोघर झोप, भूक, मनाची उदासी यांची विचारपूस करायची आणि शंका आली की माणसाला आरोग्य केंद्रात पाठवायचं. इथवर ठीक. गाडं अडतं ते पुढेच.

नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू पडत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून माणूस गोळ्या सोडतो. पुन्हा दवाखान्यात जायचं तर मजुरी बुडते. अशा वेळी कुणीतरी दार ठोठवायला हवं. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हे काम केलं. आधी नैराश्यग्रस्तांपैकी शंभरात जेमतेम ४ जण मदत घेत, दीड वर्षानंतर २७. तेही कमीच म्हणा!

क्षयरोग्याची गोळी चुकली तर आरोग्यसेवक घरी येतो. मग इथंच नोंदवहीत पुढची तारीख का नसावी? सरपंच, ग्रामसेवकांनी आरोग्य समितीच्या बैठकीत विचारावं, पाठवलेल्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले? नावं मात्र वाचू नयेत, आकडा पुरे. आणि रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा फोन फुकट आहे.