एकाच नावाचे तीन नग

मैत्रिणींनो, कुकर, मिक्सर, शिलाई मशीन यांची चर्चा आपण या पानावर पुष्कळदा करतो. आज विषय जरा निराळा आहे, पण घरोघरचा आहे : कानाला लावायचा हेडफोन. ‘ही तर मुलांची चैन’ म्हणून पान उलटू नका. मनीषनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी एकीकडे मुलीचा ऑनलाइन क्लास असतो आणि दुसरीकडे मामंजींच्या मोबाइलवरच्या बातम्या. हेडफोन नसता तर रोजचा वाद ठरलेलाच!

मामंजींचा पहिला हेडफोन २०१६ साली बर्डीवरून आणला. नावाजलेल्या कंपनीचा, वायरीचा, कान पूर्ण झाकणारा. सात वर्षे चालला. दोनदा पडला, वायरीवरून खुर्ची गेली, तरी बिचारा बोलत राहिला. साहजिकच त्या कंपनीवर माझा जीव जडला. माहेरी भावाला तोच घ्यायला लावला, शेजारच्या वहिनींनाही तोच. २०२३ मध्ये कानाच्या उश्यांची सालपटे निघू लागली, तेव्हा डोळे झाकून त्याच नावाचा, त्याच मॉडेलचा दुसरा घेतला. अकरा महिन्यांत त्याची उजवी बाजू मुकी झाली. वॉरंटीत बदलून मिळाला खरा, पण तिसरा नग हातात घेताच मन खट्टू झाले. वायर दोऱ्यासारखी बारीक, आणि प्लगपाशी रबराचा जो जाड गळा असायचा, तो नावापुरता. दुकानदाराला म्हटले, तर म्हणतो, “ताई, आजकाल मालच असा येऊन राहिला जी, आम्ही काय करणार?”

पैशांपेक्षा दुसरेच लागते हो. अनोळखी दुकानात फसलो तर आपण शहाण्या होतो. पण ज्याची चार घरी शिफारस केली, त्यानेच दगा दिला की वहिनींसमोर मान खाली घालावी लागते. त्यांचाही नग वर्षाच्या आत गेला. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त बोचले.

असे का होते? खोक्यावरचे नाव तेच राहते, पण पुष्कळ कंपन्या माल दुसऱ्याच कारखान्यांकडून करवून घेतात. कारखाना बदलतो, तांब्याच्या तारा बारीक होतात, डाग देण्याचे काम घाईत उरकले जाते. शिवाय नकली मालही बाजारात असतोच. म्हणून मागचा नग चांगला निघाला, एवढ्यावर पुढचा घेऊ नये. दुकानातच खोके उघडायला लावा. प्लगपाशी वायर हलकेच वाकवून आवाज तुटतो का ते ऐका, कारण वायरीचे हेडफोन बहुधा तिथेच मरतात. वायर सुटी काढता येत असेल तर उत्तमच, नुसती वायर बदलून भागते. बिनवायरीचा घेणार असाल तर खोक्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा.

आता कोणासाठी कोणता? कानात खुपसायचे छोटे बोंडूक प्रवासाला बरे, पण त्यांची बॅटरी इवलीशी असते आणि बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांनी ती दमली की सगळेच टाकून द्यायचे. आपल्या नागपूरच्या उन्हात तर त्यांना गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नका. उष्णता बॅटरीचा वैरीच. मुलांच्या क्लासला माइक असलेला, कानावर टेकणारा वायरीचा पुरतो. म्हाताऱ्या माणसांना कान झाकणारा सोयीचा, कारण बाहेरचा गलका अडतो आणि आवाज कमी ठेवता येतो. मात्र त्यांच्या पायात लांब वायर येणार नाही अशी बेताने बसवा. ब्लूटूथवर टीव्ही ऐकताना कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तेही घेण्याआधी तपासावे.

आणि आता माझी चूक सांगते. गेल्या दिवाळीनंतर मामंजी म्हणू लागले, “सूनबाई, डावी बाजू कमी येते.” मी लगेच कंपनीच्या नावाने बोटे मोडली. चौथा नग मागायला निघालेही होते. मुलीने सहज हेडफोन उलटा घातला त्यांना, डावी बाजू उजव्या कानावर. तरी कमी डाव्या कानालाच! हेडफोन त्या दिवशी निर्दोष होता. कानाच्या डॉक्टरांनी घट्ट बसलेला मळ काढला, श्रवणाची तपासणी केली, तेव्हा कळले की डावा कान वयाने खरोखरच मंदावला आहे. महिनाभर ते आवाज वाढवत होते आणि आम्ही वायर हलवत होतो. तुमच्याकडेही अशी तक्रार आली तर आधी बाजू बदलून पाहा. दोष हेडफोनबरोबर सरकला तर हेडफोनचा, कानापाशीच राहिला तर कानाचा. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आवाजाची मर्यादाही सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी आठवड्यात ४० तास ऐकायचे तर ८० डेसिबलपर्यंत, मुलांनी ७५ पर्यंत. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा. बऱ्याच मोबाइलमध्ये आवाजाची हद्द बांधता येते, ती मुलांकडूनच लावून घ्या.

माल खरोखर सदोष निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. दोन वर्षांची मुदत असते, आणि एवढ्याशा रकमेला फी पडत नाही. पावती मात्र हवी. हल्लीच्या छापील पावत्यांची अक्षरे उडतात, म्हणून मी घरी आल्याबरोबर फोटो काढून ठेवते.

वहिनींची पावती अजून सापडलेली नाही. रविवारी त्यांच्या घरी जाऊन कपाटाचे कप्पे काढायचे ठरले आहे. सापडली तर दोघी मिळून १९१५ ला फोन लावू.