कोयत्याची मजुरी, मुकादमाचं कमिशन

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुमारास सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माणसं पुरवतो मुकादम. मजुरीच्या बिलावर टक्केवारीनं त्याचं कमिशन. जानेवारी 2024 मध्ये पुण्यातल्या बैठकीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, कमिशन 19 चं 20 टक्के झालं. एकच टक्का? हिशेब करा बरं! आधी शंभर रुपये मजुरीवर 19 मिळायचे, आता त्याच कामाच्या 134 वर 26 रुपये 80 पैसे. म्हणजे 41 टक्के वाढ, मजुरापेक्षा जास्तच की! उचल बुडायची जोखीम मुकादम घेतो, हे खरं. पण बाईचं काय? मजुरी ‘कोयत्या’ची, म्हणजे जोडप्याची, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते ती. पुढच्या करारात तिचा वाटा तिच्याच खात्यावर मागा, असं मी तरी म्हणेन.