उद्यांचें कौतुक

आजचें काम उद्यांवर टाकूं नये, असा उपदेश घरोघरीं वडीलधारी मंडळी मुलांस नित्य करीत असतात. विलायतेच्या संगीतांत मात्र एक असा वाद्यवृंद होऊन गेला कीं, त्याचें नांवच मुळीं ‘टुमॉरो’, म्हणजे ‘उद्यां’, असें होतें. आणि त्यास भोंवला तोही उशीरच!

गायक कीथ वेस्ट, गिटारवादक स्टीव्ह हाउ, बास वाजविणारा ज्युनिअर वूड व ‘ट्विंक’ या टोपणनांवाचा तालवादक, असे हे चार तरुण १९६७ सालीं लंडनमध्यें या नांवानें गाऊं लागले. ध्वनिफीत उलटी फिरवून स्वप्नवत् नाद काढणाऱ्या ‘सायकेडेलिक’ संगीताचा तो बहर होता. त्यांचें पहिलें गाणें एका पांढऱ्या सायकलीचें. ॲम्स्टरडॅमच्या ‘प्रोव्हो’ तरुणांनीं १९६५ सालीं पांढऱ्या सायकली रस्त्यांत ठेवल्या होत्या. हवी त्यानें न्यावी व काम होतांच दुसऱ्यासाठीं सोडावी. कुलूप नाहीं म्हणून पोलिसांनीं त्या जप्त केल्या! सर्वांच्या मालकीची वस्तु चोरणार तरी कोण, हें कोडें वाचकांनींच सोडवावें.

गाणें फारसें चाललें नाहीं. इतक्यांत त्यांचेच निर्माते मार्क वर्ट्झ यांनीं एकट्या वेस्टकडून गाऊन घेतलेलें एक गीत इंग्लंडांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोंचलें. नांव झालें तें वेस्टचें. मंडळ मागें राहिलें. १९६७ मध्यें मुद्रित झालेली मंडळाची एकुलती एक मोठी ध्वनिमुद्रिका १९६८ च्या फेब्रुवारींत बाजारांत आली, तोंवर लोकांची रुचि पालटूं लागली होती. त्याच वर्षीं मंडळ मोडलें.

पुढें १९७० सालीं हाउ ‘येस’ या वाद्यवृंदांत शिरला व जगभर गाजला. १९७५ सालीं ‘नाझरेथ’ या स्कॉटिश मंडळीनें तीच पांढरी सायकल गाइली. ती १४ व्या क्रमांकापर्यंत चढली. म्हणजे गुण होताच; दाद तेवढी वेळेवर मिळाली नाहीं.

एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्या आपणांस यांत ओळखीचें कांहीं दिसेल. एकाच्या यशानें घर उजळतें खरें, पण त्याच झगमगाटांत दुसऱ्याचें काम दिसेनासें होतें. थोरल्याचें पारितोषिक दिवाणखान्यांत मांडतांना धाकट्याच्या वहींतलें चित्रही आजच पाहावें. काम उद्यांवर टाकूं नये, तसें कौतुकही टाकूं नये.