निदानातील अनिश्चितता आणि रुग्णाचा हक्क

दोन दिवस तापाने फणफणलेला मजूर सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा हा ताप डेंग्यूचा, टायफॉइडचा की अन्य कशाचा, हे निष्णात डॉक्टरलाही पुष्कळदा ठामपणे सांगता येत नाही. हा डॉक्टरचा दोष नव्हे. ती वैद्यकशास्त्राची वस्तुगत मर्यादा आहे. ही मर्यादा रुग्णापासून लपवली जाते, तेथे दोष सुरू होतो.

लपवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला, खोट्या खात्रीचा. एकाच विडाल चाचणीवरून केसपेपरवर 'टायफॉइड' असे लिहून प्रतिजैविके सुरू होतात. वस्तुतः पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळेही ती चाचणी होकारार्थी येऊ शकते. दुसरा, मौनाचा. हाती चाचण्यांची यादी दिली जाते. खाजगी प्रयोगशाळेचा गल्ला भरतो, मजुराचा रोज बुडतो आणि नेमके काय शोधले जात आहे हे त्याला कळतच नाही.

या मौनाची किंमत कधी प्राणाने मोजावी लागते. डेंग्यूचा धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हाच वाढतो. आणि ताप उतरला की मजूर कामावर परततो! म्हणून त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे: आज निश्चित निदान होत नाही; अमुक शक्यता आहेत; अमुक दिवशी पुन्हा तपासू; आणि ताप उतरल्यावरही पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास तत्काळ या. हे सांगणे दुबळेपणाची कबुली नसून उपचाराचाच भाग आहे.

'अशिक्षित रुग्णाला हे समजत नाही, तो घाबरतो', असा आक्षेप घेतला जातो. दरवर्षी बेभरवशाच्या पावसावर पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला अनिश्चितता समजत नाही, असे म्हणणे हा निव्वळ सुशिक्षितांचा अहंकार आहे. उणीव आहे ती सांगण्याच्या शिक्षणाची.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' या नावाने वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु हे कौशल्य व्याख्यानाने येत नाही. वरिष्ठांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष रुग्णासमोर आणि रुग्णाच्या भाषेत त्याचा सराव झाला पाहिजे. सुरतेच्या यंत्रमागावरील ओडिया कामगाराला काय समजले, हे त्याच्याच शब्दांत ऐकून घेतल्याखेरीज संवाद पुरा होत नाही.

अर्थात केवळ प्रशिक्षणाने भागणार नाही. ६७ देशांविषयीच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील प्राथमिक वैद्यकीय भेटीचा सरासरी अवधी जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास आढळला. एवढ्या अवधीत खोटी खात्री देता येते. शंका समजावून सांगता येत नाही. म्हणून संवादाच्या परीक्षेबरोबरच सरकारी रुग्णालयांतील रिक्त पदे भरण्याची आणि केसपेपरवर 'निदान अनिश्चित' असे धोक्याच्या लक्षणांसह लिहून देण्याची मागणी जनतेने केली पाहिजे. सत्य ऐकण्याचा हक्क फी भरणाऱ्यांपुरता मर्यादित राहता कामा नये.